मालकांची सही

आलेल्या आमंत्रणाला सूर्य मावळायच्या आत कागदावर उत्तर गेलं पाहिजे, असा मालकांचा नेम होता. मग बोलावणं वाढदिवसाचं असो, सत्यनारायणाचं असो, की खालच्या मजल्यावरच्या मल्याळी कुटुंबाने लिफ्टमध्ये सहज म्हटलेलं 'एक दिन खाने पे आइए' असो. उत्तर लेखीच. आम्ही सगळी व्हॉट्सअ‍ॅपवर खुणा पाठवून मोकळी होणारी माणसं. त्यांचं हाताने लिहिलेलं कार्ड मिळालं, की याचं करायचं काय हेच आम्हाला कळायचं नाही. बहुतेकांनी ती फ्रिजवर लावून ठेवली. त्यांची नात इरा म्हणायची, "आजोबा, जस्ट सेंड अ थम्ब्स अप ना! एव्हरीबडी डज इट." मालक तिला गंभीरपणे विचारायचे, "ज्याने आपल्यासाठी पान मांडायचं ठरवलं, त्याला नुसता अंगठा दाखवायचा?"

मालक म्हणजे एके काळचे फार मोठे नट. नाव सांगितलं तर साठीपुढचे वाचक लगेच ओळखतील, म्हणून सांगत नाही. त्यांची स्वतःची नाटक कंपनी होती, तेव्हा पडदा ओढणाऱ्यापासून नायिकेपर्यंत सगळे त्यांना मालक म्हणत, आणि कंपनी बंद झाली तरी नाव राहिलं. पत्नी गेल्यावर पुण्याच्या घराला कुलूप लावून ते दुबई सिलिकॉन ओएसिसमध्ये मुलीकडे, नीलिमाताईंकडे, राहायला आले. त्याच इमारतीत दोन मजले वर आम्ही. "आपल्या घरात मालक कोण ते एकदा ठरवून टाक," अशी माझ्या नवऱ्याने चेष्टा करून पाहिली, पण मलाही त्यांना दुसरं काही म्हणणं जमलं नाही.

मी त्यांची चिटणीस झाले ती माझ्या अक्षरामुळे. हळदीकुंकवाचं बोलावणं मी हाताने लिहून लिफ्टमध्ये चिकटवलं होतं. मालकांनी ते भिंग लावून वाचलं आणि अक्षर कुणाचं याचा शोध घेत थेट आमच्या दारात आले. त्यांचा हात कापायचा, दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू उतरलेले. "मला लिहिता येतं, पण मी लिहिलेलं आता कुणाला वाचता येत नाही," ते म्हणाले. "शनिवारी सकाळी तासभर द्याल?" आधी 'द्याल' होतं, महिन्याभरात 'देशील' झालं. मी दिला. अडीच वर्षं दिला. मधल्या वारी काही बोलावणं आलंच, तर हमरिया फ्री झोनमधल्या ऑफिसातून दमून आल्यावर चहाचा कपही हातात न घेता मी आधी खाली जाऊन त्यांचं उत्तर लिहीत असे.

पत्रातला मायना ठरवायला त्यांना सगळ्यात जास्त वेळ लागायचा. खिडकीबाहेर बघत बसायचे आणि मी पेन उघडून वाट बघायची. "मायना म्हणजे नटाची एंट्री. तिथे पाय चुकला की पुढे कितीही चांगलं बोला, लोक विश्वास ठेवत नाहीत." 'प्रति' हा शब्द त्यांना अजिबात खपायचा नाही, त्याला कचेरीचा वास येतो म्हणायचे. तपासायला येणाऱ्या डॉक्टरीणबाईंना 'ज्यांच्या हाती माझी नाडी त्यांस', किराणा दुकानातल्या राजस्थानी शेठना 'शेजारधर्म पाळणाऱ्या शेठजींस', आणि ते वाचून दाखवायची जबाबदारी अर्थातच माझी. शेवटी 'लोभ असावा' हे मात्र सगळ्यांना मिळायचं नाही. एकदा मी सवयीने लिहून टाकलं. तेव्हा त्यांनी शांतपणे नवीन कार्ड पुढे सरकवलं आणि म्हणाले, "या गृहस्थांचा लोभ मला नकोय. उगाच कशाला मागायचा?"

कुणाकडे कधी जायचं याचेही नियम होते. ज्याचं आमंत्रण आधी येईल त्याच्याकडे जायचं. नंतर कितीही मोठ्या माणसाचं आलं, तरी पहिल्याला दिलेला शब्द मोडायचा नाही. कुठे काही वाचून दाखवायचं असेल तर त्याआधी जेवायचं नाही. वेळेच्या दहा मिनिटं आधी पोचायचं आणि ती दहा मिनिटं गाडीत बसून काढायची, कारण "यजमानीणबाईंना साडी नीट करायला वेळ द्यावा." आणि जेवण झाल्यावर, स्वयंपाक ज्याने केला असेल त्याला बाहेर बोलवायला लावायचे. मग ती घरची सून असो, की अर्धवेळ येणारी नेपाळी बाई. तिच्यासमोर उभे राहून नमस्कार करायचे. या प्रकाराने पहिल्यांदा मला फार अवघडल्यासारखं झालं. पुढे पुढे मी त्याच क्षणाची वाट बघू लागले.

इथे टपाल घरी येत नाही, कंपन्यांच्या पोस्ट बॉक्समध्ये जाऊन पडतं. त्यामुळे कार्डं पोचवायचं कामही माझंच झालं होतं. मी मजकूर घ्यायची, सुवाच्य लिहायची आणि मालक सही करायचे. कंपनीच्या दिवसांत महिन्याला दीड-दोनशे पत्रं जायची, ती प्रॉम्प्टर लिहायचा, पण मालक प्रत्येक पत्र वाचल्याशिवाय सही करत नसत, असं नीलिमाताई सांगत. इथे डोळ्यांपुढे धुकं होतं. मी कार्डावर बोट ठेवायची आणि त्या बोटाशेजारी ते सही करायचे. सही मात्र तशीच होती, पोस्टरवर असायची तशी, शेवटचं अक्षर वर उचललेलं.

दत्ताराम आला तेव्हा थंडीचे दिवस होते. मालक डोळ्यांच्या दवाखान्यात गेले होते आणि वॉचमनने त्याला माझ्याकडे पाठवलं. इमारतींना परांची बांधणाऱ्या टोळीचा तो फोरमन, जाड मिशीचा, पन्नाशीचा माणूस. उम्म अल कुवैनच्या कामगार कॅम्पमधून तीन बस बदलून आला होता. इस्त्रीचा शर्ट, हातात प्लास्टिकच्या पिशवीत जपून आणलेलं पाकीट. "मॅडम, कॅम्पमधल्या आमच्या कोकणातल्या लोकांनी नाटक बसवलंय. चार महिने ड्यूटी करून तालीम केली. कॅम्पबॉसने मेसचा हॉल पण दिला. साहेबांनी यायला पाहिजे, बस. आमचा सदा वेल्डर बाईचं काम करतो. असा करतो ना, की बघत राहाल. साहेबांनी एकदा त्याला बघितलं, की खलास, माणसाचं सोनं होईल." मी त्याला पाणी दिलं आणि साहेबांना नक्की सांगते म्हटलं. पाकिटात एका रविवारचं आमंत्रण होतं.

आता जे लिहायचं आहे, त्यासाठीच हा सगळा प्रपंच. आमच्या महाराष्ट्र मंडळाने मालकांचा सत्कार करायचं ठरवलं होतं. मूळ कल्पना माझी, सेक्रेटरीही मीच. मोठा हॉल मिळत नव्हता. दत्ताराम येऊन गेल्यानंतर चौथ्या दिवशी तो मिळाला, आणि नेमका त्याच रविवारी. सत्काराचं मानपत्र मी लिहिलं होतं, तीन आठवडे खपून, आणि पाचशे लोकांसमोर ते वाचणारही मीच होते. मालक डोळ्यांच्या तपासण्यांत गुंतलेले, म्हणून दत्तारामचं पाकीट तोवर माझ्या पर्समध्येच राहिलं होतं. मालकांना ते दाखवलं, तर ते काय करतील हे मला पक्कं ठाऊक होतं. त्यांनी मंडळाला एक सुंदर नकाराचं कार्ड लिहायला लावलं असतं, तेही मलाच.

त्या शनिवारी पाच कार्डं होती. चौथं मी घरूनच लिहून आणलं होतं. आपले निमंत्रण पावले, प्रकृतीच्या कारणास्तव त्या दिवशी येणे होणार नाही याचे वाईट वाटते, पुढील प्रयोगास अगत्य येईन, हा माझा शब्द. इतके दिवस त्यांची भाषा हाताखालून गेलेली, त्यामुळे ती मला हुबेहूब साधली होती, आणि खरं सांगते, त्याचा मला थोडा आनंदही झाला होता. "हे कुणाला?" मालकांनी विचारलं. "उम्म अल कुवैनचे काही लोक आहेत, मालक. आभाराचं आहे." मी बोट ठेवलं. त्यांनी सही केली.

सत्कार छान झाला. हॉल भरला होता, मानपत्राला टाळ्या पडल्या, शाल पांघरलेल्या मालकांचे फोटो त्याच संध्याकाळी सगळीकडे फिरले. गाडीत ते म्हणाले, "मानपत्र चांगलं लिहिलंस. थोडं लांबलं." मी हसले. दत्तारामचं कार्ड मी हमरियाहून पुढे दहा मिनिटं गाडी नेऊन कॅम्पच्या गेटवर दिलं होतं आणि विषय संपला असं समजून चालले होते.

पुढच्या तीन महिन्यांत मालकांच्या दोन्ही डोळ्यांची ऑपरेशनं झाली. पट्टी निघाली त्या दिवशी त्यांनी पहिल्यांदा काय केलं असेल, तर शेजाऱ्यांच्या फ्रिजवरची जुनी कार्डं मागवून माझं अक्षर नीट बघितलं. आणि त्यानंतर दत्ताराम पुन्हा आला, या वेळी सरळ नीलिमाताईंच्या दारावर. त्याने आणलेली चिठ्ठी मालकांनी स्वतः वाचली आणि मी गेल्यावर मला मोठ्याने वाचून दाखवली. 'आपल्या पत्रातील शब्दाप्रमाणे आम्ही खास आपल्यासाठी दुसरा प्रयोग ठेवला आहे.' ते माझ्याकडे बघत राहिले. "माझ्या कुठल्या पत्रातला शब्द?"

"मागे एकदा बोलावलं होतं त्यांनी," मी म्हटलं. "तेव्हा तुमचे डोळे... म्हणजे, तब्येत..." त्यांनी मला वाक्य पुरं करायला लावलं नाही. "येतो म्हणून लिही," एवढंच म्हणाले.

मीच त्यांना घेऊन गेले. कॅम्पच्या मेसच्या दारावर हेल्मेटची सूचना, आगीची सूचना, आणि त्यांच्या बरोबर मधोमध माझं ते कार्ड होतं. साइटवर धुळीने आणि घामाने कागद टिकत नाही, म्हणून तिथे सगळंच लॅमिनेट करतात. हेही केलं होतं. "साहेब, तुमचं पत्र," दत्ताराम म्हणाला. "जेवायला जाताना रोज दिसतं. आम्हाला आजवर कोणी असं लिहून कळवलंय?" मालकांनी चष्मा सावरला आणि पहिल्या ओळीपासून तारखेपर्यंत सगळं वाचलं. त्यांच्या चेहऱ्यावर काहीच दिसलं नाही. "अक्षर सुरेख आहे," ते म्हणाले आणि आत गेले.

नाटकात बाईचं काम दत्तारामच करत होता. वीस वर्षांची मिशी त्याने सकाळीच उतरवली होती, ओठावरची कातडी पांढरी दिसत होती. तो शब्द विसरायचा, लाजायचा, आणि बाकीचे त्याला सांभाळून घ्यायचे. मालक पहिल्या रांगेत प्लास्टिकच्या खुर्चीवर पाठ ताठ ठेवून बसले होते आणि एकदाही मागे टेकले नाहीत. संपल्यावर ते उभे राहिले आणि म्हणाले, "माझ्या गावी मीही पहिलं काम लुगडं नेसूनच केलं होतं. फार अवघड असतं ते." दत्ताराम रंगासकट त्यांच्या पाया पडला. "आमचं काय नाही साहेब. बघायचं तर सदाला बघायचं होतं. पण त्याचा व्हिसा कॅन्सल झाला, गेला गावी, गुहागरकडे. तुम्ही बघावं असं फार होतं त्याच्या मनात." मालकांनी त्याचा पत्ता लिहून मागितला. मग सगळ्यांच्या पंगतीला बसून जेवले आणि आचाऱ्याला बाहेर बोलावून नमस्कार केला.

परतताना मला वाटलं, ते आता विचारतील. त्यांनी विचारलं नाही. मग वाटलं, मीच सांगेन. मी रेडिओ लावला. इतकी भित्री मी आयुष्यात दुसऱ्या कुठल्या दिवशी होते, असं मला आठवत नाही.

पुढचे सगळे शनिवार नेहमीसारखेच गेले, फक्त एक गोष्ट बदलली. कार्ड लिहून झालं की ते म्हणायचे, "वाचून दाखव." डोळे उत्तम झाले होते, स्वतः वाचू शकत होते, तरी मला मोठ्याने वाचायला लावायचे, आणि मगच सही. आवाज चढला नाही, टोमणा आला नाही. चहाबरोबर माझ्यासाठी खारी बिस्किटं तशीच यायची. ते रागावले असते तर बरं, असं मला दर शनिवारी वाटायचं.

इथला उन्हाळा त्यांना सोसेना, म्हणून त्यांनी पुण्याला परत जायचं ठरवलं. शेवटच्या शनिवारी टेबलावर कार्ड नव्हतं, पूर्ण आकाराचा कागद होता. "लिही," ते म्हणाले. "श्री. सदानंद यांस, नटाकडून नटाला सप्रेम नमस्कार." मी लिहिलं. "आपले काम पाहण्याचा माझा योग हुकला. आपण मला बोलावले होते. मी आलो नाही. न येण्याचे कारण..." इथे ते थांबले. मी पेन धरून वाट बघत राहिले.

"कारण मला ठाऊक नाही," मालक म्हणाले. "तुला आहे. पुढचं तू लिही."

"मालक, मी..." मी पेन खाली ठेवलं. "तुम्हाला त्या दिवशीच कळलं होतं ना? मला माफ..."

"दारातच कळलं. पण मला सांगून काय उपयोग? नुकसान त्याचं झालं, माझं नाही. त्याला सांग."

मी लिहिलं. रडत लिहिलं, त्यामुळे अक्षर काही सुरेख आलं नाही. लिहून झाल्यावर त्यांनी तो कागद हातात घेतला आणि एका ओळीवर बोट ठेवलं. मालकांच्या तब्येतीचा विचार करून मी तसे केले, असं मी लिहिलं होतं. "हे खरं आहे?" त्यांनी विचारलं. मी नाही म्हटलं. "मग काढ." मी ती ओळ खोडली आणि तिच्या जागी लिहिलं, की मला मानपत्र वाचायचे होते. त्याखाली त्यांनी स्वतःच्या कापऱ्या हाताने चार ओळी घातल्या. आपण पुण्यास माझ्या घरी यावे, दिवाणखान्यात आपला प्रवेश करून दाखवावा, प्रेक्षक मी एकटाच असेन, लोभ असावा. मग आम्ही दोघांनी सह्या केल्या. त्यांच्या नावाखाली माझं नाव लिहिताना मला जेवढी लाज वाटली, तेवढंच हलकंही वाटलं. निघताना त्यांनी माझ्या डोक्यावर हात ठेवला. "लिहीत राहा," म्हणाले. नमस्कार करून मी वर आले.

ते पत्र मी रजिस्टरने पाठवलं. सदा कामासाठी गुहागर सोडून चिपळूणला गेला होता, त्यामुळे त्याच्या हातात पडायला दोन महिने लागले. तेवढ्यात मालक गेले. पुण्याच्या घरात, सकाळचा चहा घेऊन पेपर उघडताना. नीलिमाताईंचा फोन आला तेव्हा मी ऑफिसात होते. कस्टम्सचे कागद समोर होते आणि मला त्यातला एकही आकडा दिसेना.

सदाचं उत्तर महिन्याभराने आमच्या ऑफिसच्या पोस्ट बॉक्समध्ये आलं. वहीचा कागद, निळी शाई. लिहिलं होतं, 'ताई, तुमचं पत्र हातात पडलं आणि मी पुण्याला निघालो. एसटीत बातमी कळली, तरी गेलो. लांबून दर्शन घेतलं. त्या रविवारी आमचं नाटक सुरू होण्याआधी मालकांचा शाल पांघरलेला फोटो आमच्या ग्रुपवर आला होता. सगळ्यांनी बघितला. पत्रात तर तब्येत बरी नाही म्हणून होतं. मी साडी नेसून तयार होतो. मला वाटलं, कामगारांचं नाटक, त्यात बाईचं काम करणारा वेल्डर, कशाला येतील. तरी दत्तारामभाऊने पत्र दारावर लावलं, म्हणाला, सही तर त्यांची आहे. आता मी भाऊला फोन करून सांगितलंय, मालकांना आपलं आमंत्रण मिळालंच नव्हतं, ते आपल्याशी खोटं बोलले नव्हते, हे सगळ्यांना सांग. तुमचं नाव मी घेतलेलं नाही. घ्यायचं तर तुम्ही घ्या.'

पुढच्या रविवारी मी उम्म अल कुवैनला गेले. दुपारची पंगत बसली होती, तीस-पस्तीस माणसं, समोर भात आणि माशाचं कालवण. दत्तारामची मिशी परत वाढली होती. "या, या मॅडम," म्हणत त्याने लगबगीने माझ्यासाठी खुर्ची पुसली. मी बसले नाही. उभ्याउभ्याच सगळ्यांना माझं नाव सांगितलं, आणि दारावरचं ते पत्र मालकांना न सांगता मी लिहिलं होतं, असं म्हटलं.